चिंगी आडवी गेली

दवाखान्यात माणसं औषध न्यायला येतात आणि जाताना एखादी गोष्ट ठेवून जातात. औषधाची बाटली संपते, धुऊन परत येते. गोष्ट मात्र तिथंच राहते. बारामतीतल्या आमच्या लहानशा दवाखान्यात अशा गोष्टींनी आता कपाट भरेल. मी मराठी चौथीनंतर शाळा सोडली आणि इथं कंपाउंडर म्हणून लागलो. चारचौघांत बोलायचं म्हटलं की माझी जीभ टाळूला चिकटते, म्हणून लिहून सांगतो. यातल्या बहुतेक गोष्टींत एक मांजर आहे.

*

उंदरांनी कापसाचे गठ्ठे कुरतडायला सुरुवात केली, तेव्हा डॉक्टरसाहेबांच्या पत्नीनं, म्हणजे आमच्या वहिनींनी, शेजारच्या गुळाच्या वखारीतून एक पिल्लू आणलं. करड्या अंगाचं, एक कान दुमडलेलं. नाव ठेवलं चिंगी.

चिंगीनं आल्या दिवशी सगळा दवाखाना हुंगून पाहिला आणि कापसाच्या गठ्ठ्यावर झोपली. उंदीर गेले, पण चिंगी काही गठ्ठा सोडेना.

साहेब म्हणाले, "आधी कापूस अर्धा मिळायचा. आता पूर्ण मिळतो, पण केसांसकट."

*

अडचण वेगळीच निघाली. दुपार कलली की चिंगी दवाखान्यातून निघून समोरच्या कडुलिंबाच्या सावलीत जाते. नेमकी तीच पेशंटांची यायची वेळ.

एकदा जवळच्या कन्हेरी गावचे तात्या तापानं फणफणून छकड्यातून आले. खाली पाय टेकणार तोच चिंगी आडवी गेली. तात्यांनी पाय वर घेतला आणि छकडा वळवायला सांगितला.

मी धीर करून म्हणालो, "तात्या, ताप आहे ना अंगात?"

"ताप हाय की. पर त्यो उद्या बी असंल."

साहेब आतून ऐकत होते. म्हणाले, "गावातल्या वैद्यांना वाटत असेल, हे मांजर डॉक्टरनं आपल्यासाठीच पाळलंय." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "दत्तू, आणखी एक पेशंट मागं फिरला, की चिंगीला पोत्यात घालायची आणि रविवारच्या मोटारीनं इंदापूरला सोडून यायची."

*

यावर तोड वहिनींनी काढली. मांजर आडवं गेलं तर आधी दुसऱ्या कुणी ती वाट ओलांडायची. मग मागच्याला अपशकुन लागत नाही. हे इकडं सगळ्यांना ठाऊक आहे. तेव्हापासून दुपारी चिंगी उठली की मीही उठतो. ती आडवी जाते, मी तिच्या मागोमाग वाट ओलांडतो, आणि पेशंट निर्धास्त आत येतात.

तात्या दुसऱ्या दिवशी आले, तेव्हा त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "पोरा, सगळ्या गावाचा अपशकुन तू एकटाच घेतुयास व्हय?"

आतून साहेब म्हणाले, "त्याच्या पगारात धरलाय तो, तात्या."

*

शनिवारी सकाळी साहेब कन्हेरीच्या शाळेत मुलांना शरीराची माहिती सांगायला जातात. चित्रांची गुंडाळी धरायला मी असतो. एकदा साहेबांनी विचारलं, "आपल्या अंगात हाडंच नसती तर काय झालं असतं?"

मागच्या रांगेतून एक मुलगा म्हणाला, "मास्तरांची छडी लागली नसती."

मास्तर खिडकीतून बाहेर बघायला लागले.

*

त्या वेळी बरीचशी मुलं तोंड न धुता शाळेत येत. साहेबांनी चिंगीचा दाखला दिला. "आमचं मांजर सकाळी उठल्याबरोबर तोंड धुतं. कुणी सांगावं लागत नाही. तुम्ही तर माणसं आहात."

पुढच्या शनिवारी आम्ही गेलो तर अख्खा वर्ग ओळीनं उभा. मास्तरांनी खूण केली. सगळ्यांनी तळहात चाटले आणि गालांवरून, कानांमागून व्यवस्थित फिरवले.

साहेबांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर म्हणाले, "विहीर लांब आहे हो साहेब. पोरांना हे सोयीचं पडलं."

*

एका शनिवारी चिंगी टांग्याच्या बैठकीखाली बसून आमच्याबरोबर शाळेत आली. साहेब नळी लावून मुलांना एकमेकांच्या छातीचे ठोके ऐकवत होते. तात्यांची नात सखू, वय सातएक वर्षांचं, तिनं नळी चिंगीच्या अंगाला लावली. चिंगी तिच्या मांडीवर सुखानं डोळे मिटून पडली होती.

सखूचा चेहरा उतरला. "डाक्तर, हिला औषिद द्या. आमच्या तात्यांच्या छातीत बी असंच घुरघुरतं."

साहेबांनी चिंगीची घुरघुर समजावून सांगितली आणि तात्यांना मात्र घेऊन यायला सांगितलं. तात्या आले, दम्याचं औषध घेऊन गेले. जाताना चिंगीकडे बघून म्हणाले, "हिच्यामुळं माघारी गेलो, हिच्यामुळंच आलो."

मला वाटलं, चिंगी आता इथंच राहणार.

*

पण एका शुक्रवारी मी औषधांची पेटी आणायला स्टेशनवर गेलो होतो, तेवढ्यात चिंगी आडवी गेली आणि एक बाई मागं फिरल्या. साहेब शब्दाचे पक्के. इंदापूरच्या मोटारवाल्याला निरोप गेला. वहिनींनी पोतं झटकून ठेवलं आणि साहेबांशी बोलणं बंद केलं. चिंगी पोत्यावरच जाऊन झोपली. त्या दिवशी माझ्याकडून दोन बाटल्या फुटल्या.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. शाळेत साहेबांनी मुद्दाम शकुन-अपशकुनाचा विषय घेतला. "अपशकुन शरीराच्या कुठल्या भागाला लागतो? हात लावून दाखवा."

मुलांनी डोकं, पोट, गुडघे चाचपले. कुणाला सापडेना.

"नाही ना? मग तो नसतोच."

सखू उभी राहिली. चिंगीची बातमी तिला मीच आल्या आल्या दिली होती. "मग चिंगीला का घालवताय? इंदापुरात तिला कोण वळखतंय?"

साहेब म्हणाले, "माझा विश्वास नाही गं. पेशंटांचा आहे."

*

त्याच दुपारी सखूचा चुलता छकडा पळवत आला. शेजारी सखू. तात्यांना दम्याची मोठी उबळ आली होती, श्वास घेता येत नव्हता. साहेबांनी बॅग उचलली, नळी गळ्यात अडकवली आणि बाहेर आले.

चिंगी पोत्यावरून उठली, आळस दिला आणि उंबरा व छकडा यांच्यामधून कडुलिंबाकडे गेली.

साहेब थांबले.

"दत्तू," ते म्हणाले, "नळी आत राहिली वाटतं. बघ जरा."

"गळ्यात हाय की तुमच्या," सखू छकड्यातून म्हणाली.

"हो का," साहेब म्हणाले. पाय मात्र उचलला नाही.

मी पुढं होणार, तोवर सखूनं खाली उडी टाकली. चिंगीची वाट ओलांडून ती साहेबांपाशी आली, त्यांच्या हातातली बॅग घेतली आणि परत छकड्याकडे निघाली.

"चला आता," ती म्हणाली.

साहेब तिच्या मागोमाग गेले.

संध्याकाळी परत आले तेव्हा म्हणाले, तात्या उठून बसलेत, चहा मागताहेत. त्यांच्या खुर्चीत चिंगी बसली होती, म्हणून पेशंटांच्या बाकावर टेकले.

रविवारी इंदापूरची मोटार दारात थांबली. ड्रायव्हर आत डोकावून म्हणाला, "साहेब, ते पोतं कुठंय?"

साहेबांनी वर्तमानपत्रातून मान वर केली नाही.

"कसलं पोतं?"