आतेबहिणीचा ड्रायव्हर
तापलेल्या कॉम्प्युटरच्या धुळीचा वास आला की मला म्हैसूरमधलं आमचं शिवणकामाचं दुकान आठवतं. तिथल्या कॉम्प्युटरवर, लिनक्स सिस्टीमवर, भरतकामाची नक्षी फिरवताना स्क्रीन अडखळायची आणि घरात कॉम्प्युटरमधलं कळणारी मी एकटीच असल्याने "ग्राफिक्स कार्डच जुनं आहे" हे माझं म्हणणं सगळे मानायचे. एका दुपारी बन्नूरहून आलेल्या आतेबहिणीने ड्रायव्हरांची, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची, यादी उघडली, मी निवडलेला मुक्त (ओपन सोर्स) ड्रायव्हर काढून कार्डाच्या कंपनीचा घातला आणि कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला. कमळाची नक्षी सरसर फिरू लागली. "अय्यो, नोड गं, बघ तरी, हिला किती कळतंय!" बाबा मला म्हणाले आणि माझा जळफळाट झाला. ती जेवायला गेल्यावर मी गुपचूप जुना ड्रायव्हर परत घातला. संध्याकाळी गिऱ्हाइकासमोर स्क्रीन पुन्हा अडखळली. "माझंच काहीतरी चुकलं असेल, मामा," ती मान खाली घालून म्हणाली. ती गावी गेल्यावर मी तिचाच ड्रायव्हर पुन्हा घातला. "शेवटी तूच नीट केलंस," म्हणत बाबांनी माझी पाठ थोपटली. आता तीही कॉम्प्युटरचंच काम करते, अडलं की मलाच फोन करते, आणि मी तिला अजून खरं सांगितलेलं नाही.