काकांच्या चष्म्याचा नंबर

चष्म्याच्या दुकानातल्या बाईंनी आयुष्यात पुष्कळ शहाणे पाहिले होते. पण घड्याळं दुरुस्त करणाऱ्या काकांचे चिरंजीव त्या सगळ्यांच्या वरताण निघाले. महिन्यातून एकदा बापाच्या दारात उभ्या उभ्या तोंड दाखवायचं आणि जगभर मिरवायचं, "बाबा अजून सगळं स्वतःचं स्वतः करतात!" आज बापाला हाताला धरून आणलं होतं, कारण त्यांना म्हणे दिसेनासं झालं होतं.

"नंबर वाढलाय," चिरंजीवांनी अकलेचे तारे तोडले.

बाईंनी काकांचा चष्मा हातात घेतला. बोट फिरवलं तर रेघ उठावी इतका काचांवर मळ, नाकाजवळच्या खाचांत हिरवट थर. पन्नास वर्षं केसाएवढे स्क्रू फिरवणारा हा माणूस दर पाच मिनिटांनी चष्मा पुसायचा! आता शर्टाची कॉलर तेलकट, कमरेच्या पट्ट्याला खिळ्याने पाडलेली तीन नवी भोकं, नखं वाढून काळी. अंगाला आंबूस वास. काकू गेल्यापासून, एका वर्षात, ही दशा. आणि पोटच्या पोराला दिसला तो नंबर.

बाईंनी नंबर तपासला. होता तेवढाच. काचा धुऊन त्यांनी चष्मा काकांच्या नाकावर ठेवला. काकांनी आधी पाहिलं ते स्वतःच्या हातांकडे. मग ते हळूच टेबलाखाली नेले.

"नंबर तोच? मग काहीच झालेलं नाही!" चिरंजीव खूश.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अहो, चष्मा पुसायचंसुद्धा सुचत नाहीये त्यांना. अंगावर मांस राहिलं नाही. डॉक्टरांना दाखवा. एकटं ठेवू नका."

"स्वभावच हट्टी आहे हो त्यांचा. मदत नकोच म्हणतात."

हात झटकायला बापाचा स्वभाव फार सोयीचा. असल्या दगडावर डोकं आपटण्यात अर्थ नव्हता. बाईंनी काकांच्या डोळ्यांवरचा चष्मा काढून घेतला.

"काडीचा स्क्रू ढिला झालाय. दोन दिवस लागतील. तोवर यांना तुमच्या घरी न्या, चष्म्याशिवाय एकटे कसे राहतील?"

चिरंजीवांचं तोंड कडू झालं. "एका स्क्रूला दोन दिवस? बाबा, यातलं तुम्हाला कळतं. बघा बरं."

काकांनी चष्मा घेतला, काळ्या नखाने स्क्रू चाचपला. तो घट्ट होता. आता बाईंचं खोटं उघडं पडणार होतं. चांगल्या घड्याळाला या माणसाने उभ्या आयुष्यात कधी बिघडलेलं म्हटलं नव्हतं.

"ढिलाय," काका मान वर न करता म्हणाले. "दोन दिवस पुरायचे नाहीत."