लिखांची फणी आणि माझं डोकं

मला लिहायला लावू नका, असं मी आमच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर स्पष्ट सांगितलं होतं. चौथीत शाळा सोडली ती लिहायचा कंटाळा म्हणूनच. पण कट्ट्याचा दिवाळी अंक काढायचाय आणि पानं भरत नाहीत. सगळ्यांचं चारधाम लिहून झालं, मग अध्यक्ष माझ्यामागे लागले, "तुमच्या त्या फणीचे किस्से द्या." रोज संध्याकाळी बाकावर फुकट ऐकतात, ते पुरत नाही.

हे किस्सेही लिखांसारखेच. एक ओढली की तिच्यामागे दहा दिसतात आणि डोकं काही स्वच्छ होत नाही. तर घ्या. शुद्धलेखन ज्याचं त्यानं आपापल्या घरी करावं.

* * *

नव्वदनंतरची गोष्ट. नाशिकजवळ अंबडला एमआयडीसीत माझं आणि माझा साडू भास्कर याचं पत्र्याचं शेड होतं. मी प्रेसवर, म्हणजे पत्रा कापायच्या मशीनवर. भास्कर बी.कॉम., म्हणून तो कागदावर. एका मोठ्या कारखान्याला आम्ही क्लिपा पुरवायचो. त्यांनी काम बंद केलं आणि मशीन नुसतं उभं राहिलं.

भास्कर म्हणाला, "दादा, मशीन विकू."

मी म्हणालो, "आधी तुला विकतो."

तेवढ्यात आमची भाची नामपूरहून सुट्टीला आली, ती डोकंभर पाहुणे घेऊन. माझी बायको सिंधू प्लास्टिकची फणी घेऊन बसली. उवा निघाल्या, पण लिखा केसाला चिकटून बसतात, त्या निघेनात. फणीचे दात मात्र वाकले. सिंधूनं ती फणी माझ्या अंगावर फेकली. "कारखान्याला बारीक माल देता, आणि घरच्या पोरीसाठी एक फणी होत नाही?"

केली. पोलादी तारेचे दात, जवळजवळ बसवलेले, वर प्लास्टिकची मूठ. दुपारपर्यंत भाचीचं डोकं साफ. सिंधू म्हणाली, "बरी झालीय." आमच्या संसारात याला सुवर्णपदक म्हणतात.

मग गल्लीतल्या बायका पदराखाली लपवून फणी न्यायला लागल्या. वास लागल्यासारखा मुंबईचा एक व्यापारी आला. म्हणाला, मेडिकलच्या दुकानांत ठेवतो, वाटेल तेवढा माल घेतो, पण सरकारी परवानगीचा कागद आणा. कागद नाही तर ऑर्डर नाही. ऑर्डर नाही तर मशीन भंगारात. भंगारवाला येऊन माझ्या मशीनवर बोटानं टकटक करून गेला होता. ती टकटक माझ्या अजून कानात आहे.

* * *

त्या ऑफिसचं नाव लिहीत नाही. माणसं बरी होती, टेबलं फार होती.

पहिल्या टेबलानं विचारलं, हे सौंदर्यप्रसाधन आहे का? यानं माणूस सुंदर दिसतो का? मी म्हणालो, "काढून घेताना लय वाईट दिसतो." म्हणजे त्या टेबलाचं काम नाही.

दुसरं टेबल औषधांचं. तिथला फॉर्म औषधाचाच. डोस किती? भास्करनं लिहिलं, आठवड्यातून दोनदा. पोटात घ्यायचं की बाहेरून? बाहेरून. मुदत कधी संपते? इथं भास्कर अडला. मी सांगितलं, दात पडले की संपली.

क्लार्कनं मान वर न करता विचारलं, "कुणाचे?"

* * *

तिसरं टेबल हुशार निघालं. ऊ हा कीटक, तुम्ही कीटकाची अंडी नष्ट करता, म्हणजे हे कीटकनाशक. जा शेतीवाल्यांकडे.

गेलो. शेतीचे साहेब सज्जन माणूस. खुर्ची दिली, पाणी दिलं आणि विचारलं, "कोणत्या पिकावर?"

भास्कर म्हणाला, "डोक्यावरच्या केसांवर."

साहेबांनी फणी उलटसुलट बघितली. बराच विचार केला. "बागायती की जिरायती?"

मी म्हणालो, "तेल लावलेलं असलं तर बागायती." साहेब एवढे हसले की चहा सांगितला. कागद दिला नाही.

* * *

शेवटी फाईल एका टेबलावर स्थिरावली. ते सावळे आडनावाच्या साहेबांचं. माणूस नियमाचा पक्का, पण खोटा नाही. त्यांनी सांगितलं, नमुने निर्जंतुक करून आणा.

भास्कर घरी येऊन म्हणाला, म्हणजे उकळून. सिंधूनं फण्या कुकरला लावल्या. वर डाळ. तिचं म्हणणं, गॅस एवढा जाळायचा तर त्यात डाळही होऊन जाईल.

झाकण काढलं तर सगळ्या मुठी वितळून फण्या एकमेकींच्या गळ्यात पडलेल्या, जत्रेत हरवलेल्या बहिणी भेटाव्यात तशा. मी म्हणालो नवीन करतो. भास्कर म्हणाला तारीख आजचीच आहे. तो गोळा तसाच घेऊन गेला.

साहेबांनी विचारलं, "हे काय?"

"निर्जंतुक आहे साहेब."

"जंतू गेलेच," साहेब म्हणाले, "फणीपण गेली."

मग मी मूठही पोलादाची केली. डाळ मात्र सिंधूनं वाया जाऊ दिली नाही. चव सांगत नाही.

* * *

फणीबरोबर माहितीचं पत्रक लागतं म्हणाले. त्यात एक रकाना होता, दुष्परिणाम. भास्करनं "काही नाही" लिहिलं. साहेब म्हणाले असं चालत नाही, काहीतरी असतंच. त्या दिवशी सिंधू बरोबर होती. तिनं सरळ सांगितलं, "पोरी बोंबलतात."

साहेबांनी पेन उघडलं आणि स्वतःच्या अक्षरात लिहिलं, "किंचित आरडाओरड संभवते." ते पत्रक पुढं तसंच छापलं.

* * *

आता राहिली चाचणी. फणीनं लिखा निघतात, हे साहेबांना डोळ्यांनी बघायचं होतं. त्यासाठी लिखा असलेलं डोकं पाहिजे.

मी आमच्या गल्लीत घरोघर फिरलो. ज्या बायका पदराखाली फणी लपवून नेत होत्या, त्याच म्हणाल्या, "आमच्याकडं? छे. शेजारी विचारा." शेजारीण म्हणाली तिच्या शेजारी. असं करत करत मी पुन्हा माझ्याच दारात आलो. सगळ्यात मोठा आवाज भास्करच्या बायकोचा, म्हणजे माझ्या मेव्हणीचा. "दाजी, आमच्या घरात असलं काही नसतं." शेजारी तिची पिंकी उभी होती. दोन्ही हातांनी डोकं खाजवत होती.

"उन्हाचं होतं तिला," मेव्हणी म्हणाली.

* * *

मग पेठ तालुक्यातल्या एका मुलींच्या वसतिगृहाच्या गृहपाल गावित बाई तयार झाल्या. आम्ही आठवडाभर आधी फण्यांचा डबा त्यांच्याकडे ठेवला आणि सांगितलं, साहेब तपासणीला येणार आहेत. एवढंच सांगितलं, तिथंच माती खाल्ली.

साहेबांना घेऊन जीपनं पोचलो. रस्त्याच्या कडेचे दगड चुन्यानं रंगवलेले. पोरींनी स्वागतगीत म्हटलं. सगळ्यांच्या दोन दोन वेण्या, लाल रिबिनी, तेलानं चमकणारे भांग.

साहेबांनी टेबलावर पांढरा रुमाल पसरला. पहिली पोरगी बसली. बाईंनी फणी ओढली, रुमालावर झटकली. काही नाही. दुसरी. काही नाही. शेवटच्या पोरीपर्यंत रुमाल कोरा. बाईंचा चेहरा फुलत चाललेला, माझा उतरत.

"लीख कुठाय?" साहेब म्हणाले.

"नाय सापडायची साहेब," बाई म्हणाल्या. "रोज शाळा सुटली की पोरी व्हरांड्यात आगगाडीसारख्या बसतात. मागची पुढचीचं डोकं साफ करते. साहेब येणार म्हटल्यावर घाण ठेवू का?"

मी म्हणालो, हाच तर पुरावा. साहेब म्हणाले, मग आधी होत्या असं बाईंनी लिहून द्यावं. बाई ताठ उभ्या राहिल्या. "माझ्या वसतिगृहात कधीच नव्हत्या."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. त्यांचंही चुकत नव्हतं. जे दिसलं नाही ते लिहिणार कसं? मला भंगारवाल्याची टकटक ऐकू यायला लागली.

तेवढ्यात भास्कर म्हणाला, "साहेब, एक डोकं राहिलंय."

कुणाचं ते बघायला मी मागं वळलो. मागं भिंत होती.

"आमचे दादा," भास्कर म्हणाला. "संकोच करतात, पण त्यांना फार त्रास आहे."

मी तोंड उघडेपर्यंत त्यानं खांदे दाबून मला स्टुलावर बसवलं. बाई डब्याकडे निघाल्या, तर यानं घाईनं शर्टाच्या खिशातून एक फणी काढली, घरून कागदात गुंडाळून आणलेली, आणि त्यांच्या हातात दिली. बाईंनी कपाळापासून मानेपर्यंत एकदाच ओढली. रुमालावर झटकली. साहेबांनी चष्मा लावला.

"हायेत की," बाई म्हणाल्या. "लय हायेत."

पोरींनी गराडा घातला. साहेब आनंदानं लिहायला लागले. एक चिमुरडी माझ्याकडं बघत मैत्रिणीला म्हणाली, "बाबाला घरी कुणी विंचरत नसंल."

* * *

कागद आला. मशीन सुरू झालं आणि नवं शतक लागलं तरी थांबलं नाही. तो कागद फ्रेम करून शेडात लावलाय. त्यावर लिहिलंय, "चाचणी: एक प्रौढ पुरुष, राहणार नाशिक. निष्कर्ष: समाधानकारक." येणारं प्रत्येक गिऱ्हाईक आधी कागद वाचतं, मग माझ्या डोक्याकडं बघतं.

त्या दिवशी घरी पोचल्यावर सिंधूनं मला अंगणात उन्हात बसवलं आणि केस न केस बघितला. मग चहा पीत बसलेल्या भास्करकडं वळली. "भास्करराव, यांच्या डोक्यात एकही नाही."

यानं कप खाली ठेवला नाही की पापणी हलवली नाही. "बघा ताई. एका फटक्यात सगळ्या. काय फणी केलीय दादांनी!"

आणि त्याच रविवारी पिंकीचे केस कानापर्यंत कापले. उन्हामुळं, म्हणे.

पिंकीला आता दोन मुली आहेत. फणी माझ्याकडूनच नेते. तिचा बाप कट्ट्यावर माझ्याच बाकावर बसतो, माझ्याच डबीतला चुना घेतो, पण अजून माफी मागितलेली नाही. नाव पूर्ण लिहितो, छापताना गाळू नका: भास्कर काशिनाथ आहेर.