बांगड्याच्या जाळीवरची कणसं

चहा गार झाला तरी चालेल, पण आधी हे ऐका. माझ्या हातून आयुष्यात चुका पुष्कळ झाल्या, त्यातल्या बऱ्याचशा घरातल्या घरात मिटल्या. ही मात्र अख्ख्या वाडीने नाकाने अनुभवली.

आमच्याकडे श्रावण म्हणजे मासळी बंद. तशी ती सगळ्यांकडेच बंद असते, पण माझ्याकडे ती जरा जास्तच बंद असते. श्रावण लागायच्या आदल्या दिवशी मी मासळीचे तवे, टोप, विळी आणि खारे बांगडे भाजायची लोखंडी जाळी असं सगळं एका पोत्यात भरते, पोत्याचं तोंड सुंभाने बांधते आणि ते मागच्या खोपीत ठेवते. मग शेजारणींच्या घरी चक्कर मारून त्यांची पोती बांधून झाली का ते पाहते. मला कोणी सांगितलेलं नाही. पण काही कामं न सांगता करावी लागतात.

या कडकपणामुळेच श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी देवळात जाणारी नैवेद्याची खीर गेली चार वर्षं माझ्या हातची असायची. कोणी करायची ते आमची कमळाकाकी ठरवते. वाडीत तिचा शब्द शेवटचा. यंदा तिने पाळी शेजारच्या वनिताला दिली होती.

आता नशीब बघा. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी वनिताच्या घरातून सुक्या सुंगटांचा, म्हणजे सुक्या कोळंबीचा, वास आला. ती सांगत राहिली, "सुमनवयनी, देवाशप्पथ, मांजरान खंयसून तरी ओढून हाडल्यान."

"वनिता, मांजर श्रावण पाळीत नाय, पण माणसान पाळूक होयो," मी म्हटलं. अगदी प्रेमाने म्हटलं. आणि तितक्याच प्रेमाने जाऊन काकीच्या कानावर घातलं.

खीर परत माझ्याकडे आली. वनिताने माझ्याशी बोलणं सोडलं. मला वाटलं, होईल शहाणी.

शेवटच्या सोमवारच्या आदल्या दिवशी, रविवारी, आमचे हे फोंडाघाटातून येताना मक्याची आठ कणसं घेऊन आले. घाटावरची, कोवळी, दाणा दाबला की दूध येईल अशी. आणून टेबलावर ठेवली आणि जेवून झोपून गेले. श्रावणात ते असेच असतात. जेवतात आणि झोपतात, जागं राहण्यासारखं ताटात काही नसतं म्हणे.

मी पहिलं कणीस गॅसवर धरलं. एका बाजूने कोळसा, दुसऱ्या बाजूने कच्चं, आणि मध्ये दोन दाणे फुटून माझ्या कपाळावर. घाटात कणसं भाजून विकणाऱ्या बाईच्या हातची चव याला कुठून येणार? त्याला निखारा लागतो. करवंट्या घरात ढीगभर होत्या. मागच्या दारी शेगडी काढली, करवंट्या पेटवल्या, सुंदर निखारे पडले. आता कणसं ठेवायला जाळी पाहिजे.

पोळीची जाळी एवढीशी. तिच्यावर कणीस ठेवलं की ते गडगडत निखाऱ्यात. तिसरं कणीस राखेतून काढल्यावर मला खोपीतलं पोतं आठवलं.

तुम्ही म्हणाल, सुमन, तू? होय, मी. पण मी विचार न करता काही केलेलं नाही. लोखंड ते लोखंड. राखेने दोनदा घासलं, अर्धं लिंबू चोळलं, कढत पाणी ओतलं. शिवाय अग्नी सगळं शुद्ध करतो, हे काय मी सांगायला पाहिजे? सुंभ सोडला, जाळी काढली, पोतं पुन्हा पहिल्यासारखं बांधलं. का बांधलं, ते विचारू नका.

कणसं झकास भाजली. वर तिखट, मीठ, लिंबू. मी एक खाल्लं. अशी चव मी जन्मात चाखली नव्हती. खमंग, खारट, आणि मागे जिभेवर काहीतरी रेंगाळणारं. मी मनात म्हटलं, घाटावरच्या मातीचा गुणच वेगळा. दुसरं खाल्लं.

दुसरं अर्धं झालं तेव्हा कुंपणापाशी वनिता उभी होती. तीनेक आठवड्यांनी पहिल्यांदा बोलली.

"काय गो वयनी, काय भाजतंस?"

"कणसा भाजतंय. ये, खा."

"बरो वास येताहा." तिने नाक वर करून एक लांब श्वास घेतला. "कणसाक खवले कधीपासून इले?"

"वनिता, उगाच कायतरी बोलू नको."

"मी खंय काय बोलतंय? मी फक्त श्वास घेतंय."

आणि ती गेली. मला वाटलं घरी गेली. ती गेली होती कमळाकाकीकडे, आणि वाटेत जी भेटेल तिला श्वास घ्यायला सांगत गेली होती. दहा मिनिटांत काकी माझ्या मागच्या दारी. बरोबर वनिता आणि आणखी चारपाच जणी, सगळ्या पदर नाकाला लावून. पण पदर लावलेल्या नाकाने एवढा खोल श्वास घेणाऱ्या बायका मी दुसऱ्या पाहिल्या नाहीत.

"गो सुमन," काकी म्हणाली, "उद्या देवाची खीर तुझ्या हातची. खरा काय ता सांग. बांगडो खंय आसा?"

"काकी, बांगडो नाय. कणीस आसा. ह्या बघ."

मी कणीस दाखवलं. सगळ्या जणी कणसाकडे न बघता त्याच्या मागे काय लपवलंय ते बघत होत्या. तेवढ्यात मागचं दार उघडलं आणि आमचे हे बाहेर आले. डोळे अर्धे मिटलेले, हातात रिकामं ताट.

"अगो, बांगडो भाजलंस तर माका उठवूक काय झाला? पेज आसा काय? नसली तर कालचो भात चलात."

आता सांगा, अशा नवऱ्याला काय करावं?

"ओ, कणीस आसा ता," मी दात चावून म्हटलं.

"माका काय खुळो समजतंस? पन्नास वर्सा खारो बांगडो खातंय मी. कणसाचो वास माका कळत नाय?" मग त्यांना समोरच्या बायका दिसल्या, शेगडीवरची कणसं दिसली. त्यांचा चेहरा असा पडला, की मला त्या गडबडीतही वाईट वाटलं. "खराच कणीस गो," ते म्हणाले आणि रिकामं ताट छातीशी धरून पडवीत जाऊन बसले.

माझ्या चार वर्षांच्या पुण्याईचा प्रश्न होता. मी उरलेल्या कणसांचे तुकडे केले आणि प्रत्येकीच्या हातात दिले. "खावन बघा. मगे बोला."

वनिताने खाल्लं. बाकीच्यांनी खाल्लं. काकीने चार दाणे तोंडात टाकले, डोळे मिटले आणि बराच वेळ चावत राहिली.

"कणीसच आसा," काकी म्हणाली.

माझा जीव भांड्यात पडला.

"पण बांगड्यांत वाढलेला. भाजलंस कशार?"

मी काही बोलायच्या आत वनिता शेगडीपाशी पोहोचली. वाकून जाळीचा कोपरा बघितला आणि काडीने तिथून काहीतरी सोलून काढलं. नखाएवढी, चंदेरी, करपलेली बांगड्याची कातडी. दोनदा राख, अर्धं लिंबू आणि कढत पाणी पचवून ती तिथे बसली होती.

"ही जाळी श्रावणाक पोत्यात बांधलेली ना?" वनिताने गोड आवाजात विचारलं. "मांजरान हाडल्यान असतली."

सगळ्या हसल्या. मी कणसाच्या सालीकडे बघत बसले. काकीने हात वर केला.

"हसतास काय? कोणी कोणी खाल्ल्यान ता सांगा."

हसणं थांबलं. प्रत्येकीच्या हातात अर्धवट खाल्लेला तुकडा होता. वनिताचा तर पुरा संपला होता, तिने दाणे गेलेलं नुसतं बुरकंड पदराखाली घेतलं.

"बांगड्याचा खाल्लात, म्हणजे उद्याच्या खिरीक तुमच्यातल्या कोणाचो हात नको. सुमनचो तर नकोच."

"काकी, तू पण खाल्लंस," वनिता हळूच म्हणाली.

"मी चाखलंय. चाखणा म्हणजे खाणा न्हय. पण माझे हात कापतत, माझ्यान टोप उचलना नाय." काकीने वाडीतली एकेक बाई मनात मोजली. ज्या आल्या नव्हत्या त्यांच्यात एक बाळंतीण, एक सुतकात, एक मुंबईला. मग तिची नजर पडवीकडे गेली. "बाबू, तू खाल्लंस काय रे?"

"मी कणसाक हात लावूक नाय," हे रागाने म्हणाले. "माका बांगडो होयो होतो."

"मगे उद्याची खीर तूच करशीत."

म्हणजे वाडीत एकच सोवळा माणूस निघाला, आणि तो कोण, तर बांगड्यासाठी ताट घेऊन उठलेला.

"काकी, माका साधी चाय जमणा नाय."

"सुमन भायरसून सांगात."

सोमवारी सकाळी मी आयुष्यात पहिल्यांदा माझ्याच स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर पाट टाकून बसले. आत हे नारळाच्या रसात तांदूळ ढवळत होते. मी सांगत होते, गूळ बेताने घाला, देवाची खीर सात्त्विक हवी, वेलची एकच. ते "होय, होय" म्हणत होते आणि ढेपेतून गूळ फोडून मुठीमुठीने टाकत होते. मी ओरडले तर म्हणाले, "महिनोभर तोंडाक चव नाय. देवाक तरी असांदे."

मी डोळे मिटून घेतले. म्हटलं, आता देवळात समजेल सगळ्यांना, खीर करणं म्हणजे काय ते.

समजलं. आरती झाली, पानं वाढली, आणि खिरीचा टोप पहिल्या पंगतीतच तळाशी आला. वनिताने दोनदा घेतली. कमळाकाकीने द्रोण पुसून काढला आणि आमच्या ह्यांच्या पाठीवर थाप मारली.

"बाबू, पुढच्या वर्सापासून तूच. चार वर्सा आम्ही ती खीर कशी गिळली, आमका म्हायत आणि देवाक."

"मगे तेव्हा कोणी बोललास कित्या नाय?" मी विचारलं.

"नैवेद्याक नाव ठेवल्यार पाप लागता," काकी म्हणाली. "आणि तुका कोण सांगतला?"

मला फार राग आला. तशीच उठून जाणार होते. पण द्रोणात थोडी खीर उरली होती, ती टाकणं बरं दिसलं नसतं, म्हणून चाटून संपवली. आणि मग हळूच वाढणाऱ्यापुढे द्रोण धरला. चार वर्षांत पहिल्यांदाच मला देवळातली खीर परत मागून घ्यावीशी वाटली.