अकरा घरांचा चहा

साहूजींचा फोन आला त्या मंगळवारी मी स्टाफरूममध्ये सातवीच्या वह्या तपासत होते. "भाभी, वासुभाऊ नहीं रहे." त्यांचं वर्कशॉप आमच्या वर्कशॉपच्या शेजारी; त्यांनीच यांना दवाखान्यात नेलं होतं. वही बंद करून मी लाल पेनाला टोपण लावलं, एवढं आठवतं.

मग तेरवीपर्यंत माणसं येत राहिली. येताना चेहरा पाडून यायची, पण यांचा एखादा किस्सा सांगितल्याशिवाय कुणी उठायचं नाही. घरात किस्सेच साठले!

आमचं वर्कशॉप सुपेल्यात. गिअर कापायचं काम. स्टील प्लांटची कामं कमी झाली, बाहेरची गिऱ्हाइकं शोधणं भाग होतं. आमच्या रुचानं यांना मोबाइलवर तीन साईट दाखवल्या. "बाबा, सोच के बताओ, कुठं अकाउंट उघडायचं?"

पहिलीवर लोक जेवणाचे फोटो टाकत होते. दुसरीवर वाढदिवस आणि नाच. तिसरीवर सगळे कोट घालून बसलेले.

"हे कोन लोक हायेत?"

"मॅनेजर, मालक, परचेसवाले."

"मंग इथंच. नाचनाऱ्याले गिअर काहाले लागते?"

आता फोटो. रुचा म्हणाली, कोट घाला. यांनी तेलकट शर्टातच, नुकताच कापलेला गिअर दोन्ही हातांनी उचलून फोटो काढला. हनुवटी, नाक, सगळं गिअरच्या मागं.

"अहो, चेहरा दिसत नाहीये!"

"दाते दिसून राह्यले ना बराबर? मले कोन इकत घेते?"

जोडून घ्यायची पहिली रिक्वेस्ट आली अहिवाऱ्याहून, एका क्रशरमालकाची. रुचा बटण दाबणार, तर यांनी मोबाइल काढून घेतला. "जोडाचं म्हनलं तं घर पाहा लागते." अर्धा किलो पेढे घेऊन स्कूटरवर अहिवाऱ्याला गेले. घरात मालक नव्हते. दारात पेढे घेतलेला अनोळखी गृहस्थ, तोही म्हणतो "जोडायला आलो." मालकीणबाईंनी यांना मानानं बसवलं. जरा वेळानं साडी नेसलेली मुलगी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली!

संध्याकाळी मी विचारलं, "मग?"

"पोरगी चांगली हाय. पन आपल्याले पोरगा नाही. म्हून ऑर्डर घेऊन आलो."

तेव्हापासून तीच पद्धत पडली. आधी घर, मग बटण. माझं काम इंग्रजीत उत्तर लिहायचं: 'मी रविवारी आपल्या घरी येत आहे. त्यानंतर आपली रिक्वेस्ट स्वीकारीन.' अशी उत्तरं मी कितीतरी लिहिली. काही लोक घाबरून गप्प व्हायचे.

साहूजी चिडवायचे, "मेरे पाँच सौ हो गए, वासुभाऊ. तुम्हारे?"

"अकरा."

"बस?"

"अकराच्या अकरा घरची चाय पेलो हाव मी!"

तेरवीला साहूजी मांडवाच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसले होते. जेवणं झाल्यावर आत आले. म्हणाले, "भाभी, मैंने गिने. ग्यारह के ग्यारह आए." अहिवाऱ्याचे मालक तर बायको-मुलीला घेऊन आले होते. मुलगी पंगतीत वाढत होती.

हे असतानाच आलेली बारावी रिक्वेस्ट कोल्हापूरची होती. फाउंड्रीचे मालक, वर्षभराचं काम देतो म्हणत होते. एवढं काम मिळालं तर रुचाला वर्कशॉप चालवता येईल, तिला रायपूरला नोकरी शोधावी लागणार नाही, हे आम्हा तिघांनाही कळत होतं.

मी म्हटलं, "इतक्या लांब कुठं जाता? या वेळी नुसतं हो म्हणून टाका."

"पाह्यल्याबिगर? तुनं मले पाह्यल्याबिगर हो म्हनलं होतं काय?"

"म्हटलं होतं."

यांनी मोबाइल बाजूला ठेवला. मग म्हणाले, "तरी आपन जाऊन येऊ. तूही चाल."

दिवाळीच्या सुट्टीची दोन तिकिटं काढली होती.

रुचा रोज सकाळी वर्कशॉप उघडते. रिक्वेस्ट अजून तशीच आहे. मी बटण दाबलेलं नाही, आणि कोल्हापूरलाही गेलेले नाही.