गोड्या पाण्यात धुतलेली वाळू

खारपाणपट्ट्यात मुलगी देताना लोक शेती बघतात, नोकरी बघतात, पाणी कुणी बघत नाही. माझ्या घरच्यांनीही बघितलं नाही. दोन्हीकडची माणसं नव्याने बौद्ध झालेली, मुलगा शाळेत विज्ञान शिकवणारा, माझा भाऊ आणि तो मुंबईच्या वसतिगृहात एका खोलीत राहिलेले. एवढ्यावर रत्नागिरीच्या किनाऱ्यावरून उचलून मला अकोल्याच्या पुढे, पूर्णेकाठच्या गावात आणून टाकलं. विहिरीचं पाणी खारट. डाळ शिजायची नाही, साबणाला फेस यायचा नाही. मीठ तेवढं वाट्याला आलं, समुद्र गेला. मला याचा भयंकर राग होता आणि तो मी लपवत नव्हते.

दुसऱ्या वर्षी पावसाळ्यात मी नवऱ्याला स्पष्ट सांगितलं, "दसऱ्याला भाऊ नागपूरला जाईल. परतीला इथे उतरेल, तेव्हा मी त्याच्याबरोबर जाणार. पुन्हा येणार नाही."

तो भांडला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं. दोन दिवसांनी म्हणाला, "तुह्या गावचे मासे म्या इथं जगवून दाखवले, तं राहशीन?"

मुंबईत त्याने काचेच्या टाक्यांतले समुद्री मासे पाहिले होते. "आधी जगव तर," मी म्हटलं. थट्टेत म्हटलं होतं, पण त्याने तो करार धरला. आणि खरं सांगते, हळूहळू मीही धरला.

अकोल्याच्या काचवाल्याकडून त्याने लोखंडी चौकटीची टाकी करवून आणली. मग वाळूचा घोळ सुरू झाला. टाकीचा तळ चांगला नसेल तर पाणी नासतं, एवढं त्याला ठाऊक होतं. चांगला म्हणजे कोणता, ते सांगणारं वऱ्हाडात कोण मिळणार? पूर्णेची वाळू त्याने आधी आणली. ती काळपट, गाळासारखी. बोट घातलं की पाणी गढूळ. मग शाळेतल्या एका मास्तरांनी कौंडण्यपुराहून वर्धेची पिशवीभर आणून दिली. ती जाड, स्वच्छ, उन्हात चमकणारी. दोन्ही वाळू दोन पेल्यांत मिठाच्या पाण्यात ठेवून तो रोज सकाळी डोळे बारीक करून बघत बसायचा.

"नदीची वाळू समुद्राच्या काय कामाची?" मी टोचायची.

"वाळू म्हंजे वाळू," तो म्हणायचा. पण त्याचा स्वतःचाच विश्वास बसत नव्हता. सासूबाई दारात बसून सगळं ऐकायच्या.

नवऱ्याने पत्र लिहिलं होतं, म्हणून दसऱ्याच्या तोंडावर भाऊ नागपूरला जातानाच उतरला. दोन पत्र्याचे डबे भरून समुद्राचं पाणी, एकात खडकातल्या डबक्यातले बोटाएवढे चार मासे, शंखात राहणारे दोन खेकडे, पोवळ्यासारखा एक भोकाभोकांचा दगड आणि गोणपाटात ओली वाळू. शिंपल्यांचा चुरा, पांढुरकी, घरच्या किनाऱ्याची. गोणपाट उघडल्याबरोबर असा वास आला की मी तिथेच रडले. वाळूचा प्रश्न तिथेच सुटला.

"धुऊ नका हं, आहे तशीच घाला," भाऊ नवऱ्याला म्हणाला. आम्ही दोघं त्याला स्टेशनवर सोडायला गेलो.

परत आलो तर अंगणात धोतरावर वाळू वाळत घातलेली. सासूबाईंचे हात कोपरापर्यंत पांढरे.

"किती खार निंघाला वं हिच्यातून! असी वाळू भिंतीले लावली असती तं लोना धरला असता. सात पान्यानं धुतली म्या."

या पट्ट्यात खारानं भिंतींचे पोपडे सुटतात. इथल्या बाईला मीठ म्हणजे घराचं वाळवंट करणारी वस्तू. आणि धुतली होती ती गोड्या पाण्यात. गावात गोडी विहीर एकच, शिवेवर. सासूबाईंच्या तरुणपणी आपल्या माणसांना तिला शिवायची सोय नव्हती. कुणी वरून ओतेल तेव्हा खाली धरलेला गुंड, म्हणजे हंडा, भरायचा. धर्म बदलल्यावर त्या स्वतः दोर घेऊन गेल्या, शिव्या खाल्ल्या, आणि पाणी आणलं. तरी घरात ते पाहुण्याला, आजाऱ्याला, आणि मी आल्यापासून मला. त्या स्वतः खारंच प्यायच्या. नवरा माझ्याकडे बघत राहिला, मी जमिनीकडे.

तरी आम्ही ती वाळू घातली, डब्यांतलं पाणी ओतलं. मासे दगडाच्या भोकांतून आत-बाहेर करू लागले. एक खेकडा वाळूत रुतून बसला. दोन दिवस मी उजाडल्यापासून टाकीसमोरून उठले नाही, आणि नवरा शाळेतून धावत घरी यायचा.

मग एकेक मासा आडवा पडून मरू लागला. चौथा मासा आणि दोन्ही खेकडे भाऊ परत आला त्याच सकाळी गेले.

भाऊ ओट्यावर बसला होता. नवऱ्याने टाकीकडे पाठ करून विचारलं, "सामान बांधू का तुह्यं?"

तेवढ्यात सासूबाई टाकीशी वाकल्या. "काहून मेले वं हे? पाहुनेच ना आपले? मी तं रोज पाह्यटे त्याईचं खारं पानी काढून गोडं घालत होती. मी नाई पेली, त्याईले देलं."

उत्तर माझ्या जिभेवर होतं: त्या गोड्या पाण्यानेच मेले. मी निघाले असते तर भावाने विचारलं असतं, काय झालं, आणि ते उत्तर या बाईसमोर द्यावं लागलं असतं.

"तू जा," मी भावाला म्हटलं.

नवऱ्याला वाटलं, मी त्याच्यासाठी राहिले. मी त्याला तसं वाटू दिलं. पुढे काही बरं होईल अशी आशा मला तेव्हाही नव्हती, आणि झालंही नाही.

टाकी रिकामी करताना तळातली चिमूटभर वाळू मी जिभेवर ठेवली. तिला कसलीच चव राहिली नव्हती. मागून सासूबाईंनी माझ्यापुढे पेला धरला, गोड्या पाण्याचा. मी प्यायले.