सव्वातीन मैल

भिंतींशी इतकं वैर असलेला शिक्षक अख्ख्या आदिलाबाद जिल्ह्यात दुसरा सापडला असता, तर मी मिशा उतरवून दिल्या असत्या! कागदोपत्री आमचे थोरले गुरुजी सदर मुदर्रिस, म्हणजे हेडमास्तर. मी त्यांच्या हाताखालचा दुसरा आणि शेवटचा मास्तर. भीमपूरकडच्या एका गावातली ती मराठी शाळा. मी वर्गात बसायचो आणि गुरुजी पोरं घेऊन हिंडायचे. गणित शिकवायचं, तर पोरांच्या टोळ्या करून तामसीच्या बाजारात. एक टोळी वांगी तोलणार, दुसरी भाव लिहिणार, तिसरी कांदेवालीशी तेलुगूत घासाघीस करणार. आणि घामाघूम होऊन परतल्यावर मलाच वर ऐकवणार, "गनित झालं, भाषा झाली, अन् घरची भाजीबी झाली. तुमी काय शिकवलं आज?" अशा वेळी माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

छप्पन साली राज्यांची नवी वाटणी झाली. आम्ही आंध्रात गेलो, पैनगंगेपलीकडचे सोयरे मुंबई राज्यात. लगेच या गृहस्थांनी सगळी शाळा हद्द बघायला नदीवर नेली. नकाशातली लाल रेघ पोरं तासभर वाळूत शोधत होती. शेवटी शेवंता नावाच्या एका चिमुरडीने विचारलं, "गुरुजी, तिकडची माती काऊन आपल्यावानीच हाय?" गुरुजींनी तिला जागच्या जागी पैकीच्या पैकी गुण दिले. कोणत्या विषयात, ते मला अजून कळलेलं नाही.

त्याच धांदलीत नव्या कचेरीतून कागद आला. दोन मैलांच्या आत दुसरी शाळा असेल, तर ही बंद करून पोरं तिकडे धाडावीत. नाल्यापलीकडच्या गावात शाळा होती, आणि नकाशावर पट्टी ठेवली की अंतर भरायचं दीड मैल. पण नाल्याला चार महिने पाणी, तेव्हा गाडीवाटेने लांबून फिरून जायचं. मुलगे गेलेही असते कसेबसे, पोरींना मात्र कुणीच धाडलं नसतं. खोटं कशाला बोलू, मी मनातून खूश होतो. शाळा मोडली की माझी बदली आदिलाबादेला, हे मी एका कारकुनाकडून पक्कं करून घेतलं होतं.

तपासणीला त्या कचेरीतले तेलुगू साहेब आले, तेव्हा वर्गात मी एकटा. "बच्चे किधर हैं?" मी बाहेर बोट दाखवलं. गुरुजी एका बैलगाडीच्या चाकाभोवती सुतळी गुंडाळत होते, आणि सगळी शाळा त्यांच्याभोवती. चाकाच्या एका आऱ्याला लाल चिंधी बांधलेली. गुरुजी आपल्या गावठी हिंदीत म्हणाले, "साहब, चाक का एक फेरा पाच वार. आप गाडी में बैठो, बच्चे गिनेंगे. बरसात में यही एक रास्ता है. दो मील के अंदर निकला, तो ताला मैं खुद लगाता."

मी कपाळावर हात मारला. पण साहेब बसले की हो गाडीत! चिंधी वर आली की एक टोळी फेरा मोजायची, शंभर भरले की दुसरी झोळीत खडा टाकायची, तिसरी वाटेवरची झाडं कागदावर मांडत चालली होती. शेवंता साहेबांशेजारी बसून प्रत्येक झाडाचं मराठी नाव सांगे आणि तेलुगू नाव विचारून घेई. थोड्या वेळाने साहेबही तेलुगूत फेरे मोजत पुटपुटू लागले, "ओकटि, रेंडु, मूडु..." मी अदबीने पाणी हवं का म्हणून विचारलं, तर माझ्यावरच खेकसले, "चुप! गिनती चुकेगी!"

पलीकडच्या शाळेच्या दारात गाडी थांबली, तेव्हा फेरे भरले अकराशे चव्वेचाळीस. पोरांनी धुळीतच बोटाने हिशेब मांडला आणि एकच ओरडा झाला, "सव्वातीन मैल!" साहेबांनी स्वतः मांडून पाहिलं, तरी सव्वातीनच. तिथल्याच ओट्यावर बसून त्यांनी शेरा लिहिला की मराठी शाळा आहे तिथेच चालू ठेवावी. मग काय विचारता! परतताना पोरांनी असा गलका केला की कापूस वेचणाऱ्या बाया ओटीतला कापूस सावरत रस्त्यावर धावत आल्या. कुणीतरी गुरुजींना उचलून गाडीत घातलं. शेवंता तर गावापर्यंत नाचत आली, आणि खरं सांगतो, मीसुद्धा ओरडलो.

संध्याकाळी गुरुजी माझ्या दाराशी आले. एरवी शेतापलीकडे ऐकू जाईल असा आवाज, पण त्या दिवशी हळूच बोलले. "मास्तर, तुमची आदिलाबाद हुकली. मले ठाऊक होतं. पन पोरींकडं पाह्यलं, अन् तुमच्याकडं नाई पाह्यलं. माफी करा गड्या."

मी नुसतं "असू द्या" म्हणालो. पुढे त्याच शाळेतून मी निवृत्त झालो, आणि पोरींचा बाक एकही वर्ष रिकामा राहिला नाही. गुरुजी जाऊन आता पुष्कळ दिवस झाले. त्या संध्याकाळी माफी मी मागायला हवी होती. मी ती देऊन बसलो.